ज्येष्ठांची कामं वॉर्ड ऑफिस आणि ग्रामपंचायतीकडून कशी करून घ्यायची

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा पत्रव्यवहार बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सुरुवातीला आम्ही एक भलंमोठं निवेदन तयार केलं होतं. बाकडी, दवाखाना, स्वच्छतागृह, विरंगुळा केंद्र, रस्त्यावरचे दिवे, भटकी कुत्री, अशा चौदा मागण्या एका कागदावर. सहा-सात जण जाऊन ते साहेबांच्या हातात देऊन आलो, फोटोही काढला. त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडला आणि कागद पाच खात्यांत फिरत राहिला. चौदा मागण्या असल्यामुळे तो कोणत्याच एका खात्याचा झाला नाही. पुढच्या वर्षी आम्ही एकच मागणी घेतली. दवाखान्याच्या रस्त्यावर, अमुक नंबरच्या विजेच्या खांबाजवळ, एक बाकडं. दीड महिन्यात ते बसलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो: गरज सांगताना जागा सांगा, खातं सांगा आणि अंदाजपत्रक ठरायच्या आधी सांगा. हा लेख त्याबद्दलच आहे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरील लोक ९.९ टक्के होते, म्हणजे दहातला जवळजवळ एक. ते प्रमाण पुढे वाढतच गेलं आहे. आपण मूठभर लोकांसाठी काही मागतोय असा संकोच मनात ठेवू नका.

आधी दार बरोबर निवडा

सगळ्यात जास्त हेलपाटे इथे होतात. पेन्शनसाठी माणूस महापालिकेत जातो, बाकड्यासाठी आमदाराकडे आणि मुलगा सांभाळत नाही म्हणून सरपंचाकडे. हेतू बरोबर असतो, फक्त दार चुकतं.

महापालिका, नगरपालिका किंवा नगरपंचायत यांच्याकडे मुख्यतः रोज पायाखाली येणाऱ्या गोष्टी असतात: फूटपाथ, गल्लीतले दिवे, सार्वजनिक स्वच्छतागृहं, बागा, पालिकेचे दवाखाने, विरंगुळा केंद्रं, स्मशानभूमी आणि काही शहरांत बससेवा. यासाठी वॉर्ड ऑफिस म्हणजेच क्षेत्रीय कार्यालय गाठायचं. लहान गावात मुख्याधिकाऱ्यांचं कार्यालय. खेड्यात रस्ता, दिवा, पाणी, समाजमंदिर ही कामं ग्रामपंचायतीची. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र मात्र जिल्हा परिषदेकडे असतं, त्यामुळे तिथल्या तक्रारीची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना गेलीच पाहिजे.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आणि संजय गांधी निराधार योजना यांचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. श्रावणबाळसाठी वय ६५ पूर्ण हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. रक्कम २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये आहे. एसटीचा प्रवास ६५ वर्षांपासून अर्ध्या तिकिटात आणि ७५ पूर्ण झाल्यावर मोफत, हे ऑगस्ट २०२२ पासून राज्याचं धोरण आहे, त्यात पालिकेचा संबंध नाही. ७० वर्षांवरील सर्वांसाठी पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघतं. ते केंद्राचं आहे, उत्पन्नाची अट नाही. ग्रामपंचायत किंवा पालिका यात एक मोठं काम करू शकते: आपल्या जागेत एक दिवस शिबिर लावून आधार दुरुस्तीपासून अर्जापर्यंत सगळं एका ठिकाणी करून देणं. ज्यांच्या बोटांचे ठसे मशिनवर उमटत नाहीत अशा माणसांना पुन्हा पुन्हा तालुक्याला पाठवणं हा मला अन्याय वाटतो. म्हणून अशा शिबिराची मागणी प्रत्येक संघाने दरवर्षी लेखी करावी.

गावातून, वॉर्डातून एक फेरी

मागणीच्या आधी पाहणी. हे काम टाळून थेट अर्ज लिहिणारे बहुतेक जण ‘ज्येष्ठांना सुविधा द्याव्यात’ असं लिहितात आणि अभियंत्याला त्यातून काहीच कळत नाही.

सत्तरीच्या पुढची दोन माणसं बरोबर घ्या. त्यातली एक बाई हवीच आणि एक जण काठी किंवा वॉकर वापरणारा असला तर उत्तम. त्यांना रोज जावं लागतं तिथे त्यांच्याच चालीने जा: घर ते दवाखाना, घर ते बँक किंवा पोस्ट, घर ते बसथांबा, घर ते देऊळ, मशीद किंवा बाग. एक फेरी सकाळी आणि एक अंधार पडल्यावर. खिशात मोजपट्टी, मोबाइल आणि वही ठेवा. त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा. ती कुठे थांबतात, कुठे भिंतीचा आधार घेतात, कुठे फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात, तेवढंच टिपा. प्रश्न विचारले तर ‘काही नाही, सवय आहे’ असं उत्तर येतं. पाय मात्र खरं सांगतात.

काही गोष्टी मोजून लिहा. फूटपाथची कड रस्त्यापासून किती उंच आहे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेनुसार ती १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. कितीतरी ठिकाणी कड फूटभर उंच निघते आणि मोकळी रुंदी डीपी बॉक्स किंवा टपरीने खाल्लेली असते. उतार असेल तर तो १ ला १२ या प्रमाणात हवा, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार. दीड फुटाचा उभा सिमेंटचा तुकडा म्हणजे रॅम्प नव्हे. त्यावरून व्हीलचेअर जात नाही आणि पावसात म्हातारं माणूस घसरतं.

चौकात सिग्नल असेल तर घड्याळ लावा. पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याचा हिशोब करताना चालण्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. या वेगाने १५ मीटरचा रस्ता साडेबारा सेकंदांत पार होतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना त्यालाच जवळजवळ १९ सेकंद लागतात. त्या साडेसहा सेकंदांत त्या रस्त्याच्या मधोमध असतात आणि गाड्या सुटतात. हा आकडा अर्जात लिहिला की ‘सिग्नलचा वेळ वाढवा’ या वाक्याला वजन येतं. सिग्नलच्या कामात वाहतूक पोलिसांचाही सहभाग असतो, म्हणून प्रत त्यांनाही द्या.

बाकड्यांमधलं अंतर पावलांनी मोजा आणि बाकड्याला पाठ व हात आहेत का ते पाहा. हात नसलेल्या सिमेंटच्या बाकड्यावर बसता येतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावरून उठता येत नाही.

स्वच्छतागृहाकडे विशेष लक्ष द्या. यावर कोणी उघड बोलत नाही. लघवी थांबत नाही, जवळ सोय नाही, म्हणून बाहेर पडायच्या आधी पाणीच न पिणाऱ्या कितीतरी बायका मला भेटल्या आहेत. उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकतं. तिथे कमोड आहे का, धरायला दांडी आहे का, पायरी किती, दार बाहेर उघडतं का (आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अडतं), दिवा आहे का आणि कुलूप किती वाजता लागतं, हे सगळं टिपा.

फेरीत दिसत नाहीत त्या माणसांचं काय? अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, चौथ्या मजल्यावरून उतरू न शकणारे रस्त्यावर दिसणारच नाहीत. त्यांची खरी माहिती आशाताईंना असते, अंगणवाडी सेविकेला असते, कधीकधी दूधवाल्याला किंवा मेडिकलवाल्याला. त्यांच्याशी बोला. नावनिशी यादी संघाजवळ ठेवा, अर्जात मात्र फक्त संख्या द्या. एकटी राहणारी माणसं कुठे आहेत हे कागदावर सगळीकडे फिरणं त्यांच्या सुरक्षेचं नाही. पोलिस ठाण्याशी वेगळं बोलावं. आपल्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठाण्याने ठेवावी आणि त्यांची विचारपूस करावी अशी अपेक्षा आहे. ती यादी नुसती कागदावर आहे की हवालदार खरंच येऊन जातो, हे संघाने विचारत राहायचं.

तीन ढीग

वहीतल्या नोंदी घरी आल्यावर तीन ढिगांत घाला. पहिल्यात दुरुस्ती: बंद दिवा, उखडलेला पेव्हर ब्लॉक, गटाराचं फुटलेलं झाकण. याला वेगळी तरतूद लागत नाही, देखभालीतून होतं. दुसऱ्यात नवं काम: उतार, बाकडी, स्वच्छतागृहातली दांडी, विरंगुळा केंद्राची खोली. याला पैसे लागतात, म्हणजे अंदाजपत्रक लागतं. तिसऱ्यात पद्धत बदलणं: दवाखान्यात ज्येष्ठांची वेगळी रांग, घरपट्टीच्या खिडकीजवळ खुर्च्या, शय्याग्रस्तांकडे महिन्यातून एकदा परिचारिकेची भेट. याला पैसे कमी आणि अधिकाऱ्याचा लेखी आदेश जास्त लागतो.

पहिला ढीग आधी हातात घ्या. महिन्याभरात दोन दिवे लागले की संघातल्या माणसांचा विश्वास बसतो आणि कार्यालयातले लोकही तुम्हाला ओळखू लागतात.

तिसऱ्या ढिगात कायद्याचा आधार वापरा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या कायद्याचं कलम २० सरकारी आणि सरकारी अनुदानावरच्या रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा आणि स्वतंत्र रांग यांबद्दल आहे. राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ चं. त्यातली वयाची अट ६५ होती, ती जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने ६० झाली. अर्जात या दोन्हींचा उल्लेख एका ओळीत करा. पानभर उतारे नकोत.

अर्ज

एक मागणी, एक अर्ज, एक पान. नमुना असा:

प्रति, मा. सहायक आयुक्त, … क्षेत्रीय कार्यालय.
विषय: … दवाखान्यासमोरील फूटपाथला उतार करून मिळणेबाबत.
महोदय, वरील दवाखान्यासमोर (खांब क्र. …) फूटपाथची कड २८ सेंटीमीटर उंच असल्याचे आम्ही दि. … रोजी प्रत्यक्ष मोजले. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्या रुग्णांना त्यामुळे रस्त्यावरून चालावे लागते. सोबत मोजपट्टीसह दोन छायाचित्रे व जागेचा नकाशा जोडला आहे. येथे १ ला १२ प्रमाणात उतार व एका बाजूला दांडी करावी ही विनंती. जागेच्या पाहणीस आमचे दोन प्रतिनिधी आपल्या सोयीच्या वेळी हजर राहतील. केलेली कार्यवाही लेखी कळवावी.

शेवटून दुसरं वाक्य सोडू नका. कनिष्ठ अभियंता एकदा जागेवर आला की अर्धं काम झालं. त्याने तिथेच काठी टेकणाऱ्या माणसाला ती कड चढताना पाहिलं तर बाकीचं सांगावं लागत नाही.

अर्ज आवक-जावक विभागात द्या, साहेबांच्या टेबलावर नव्हे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. ऑनलाइन तक्रार केली तरी टोकन क्रमांक वहीत उतरवा, मोबाइल बदलला की तो हरवतो.

पैसे ठरतात तेव्हा तिथे असणं

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. पण पैसे कुठे जाणार हे त्याआधी काही महिने ठरलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मागणी घेऊन गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर प्रामाणिक असतं, कारण तरतूद खरोखरच संपलेली असते.

महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीसमोर मांडतात आणि मग ते सर्वसाधारण सभेत जातं. खाती आपापल्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी पाठवतात. म्हणून दुसऱ्या ढिगातले अर्ज पावसाळा संपेपर्यंत वॉर्ड ऑफिसात पोचायला हवेत. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेण्याची पद्धत आहे. बाकडी, दिवे, फूटपाथ अशी वॉर्डपातळीवरची कामं त्यात सुचवता येतात. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर तिची मुदत कधी जाहीर होते यावर एकाने लक्ष ठेवायचं. नसेल, तर साधा अर्ज करून ‘आगामी अंदाजपत्रकात तरतूद करावी’ असं विषयातच लिहायचं. नगरसेवकांना भेटाच. निवडणूक झालेली नसेल आणि प्रशासक कारभार पाहत असेल तरी अंदाजपत्रक होतंच, तेव्हा अर्ज थांबवू नका.

खेड्यात हे काम ग्रामसभेत होतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. म्हणजे संघाची चाळीस-पन्नास माणसं वेळेवर येऊन बसली तर त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा असते. स्वच्छतागृहाचा विषय आजीबाईंनी तिथे काढावा, मोठ्या सभेत त्यांचं तोंड उघडत नाही. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण ऑक्टोबरपासून तयार होऊ लागतो. तुमचं काम त्या आराखड्यात आलं पाहिजे. सभेआधी विषय लेखी द्या. ठराव झाला की तो इतिवृत्तात नीट लिहिला गेला का ते वाचा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. ‘चर्चा झाली’ आणि ‘ठराव मंजूर’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पैसा कोणत्या शीर्षातून येईल हे तुम्हीच सुचवलंत तर काम सोपं होतं. वित्त आयोगाच्या निधीचा एक भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील असतो. स्वच्छतागृहाची दुरुस्ती त्या अंगाने मांडता येते. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो आणि उतार, दांडी, रुंद दार ही कामं दिव्यांग व ज्येष्ठ दोघांच्याही उपयोगाची आहेत. गावातल्या दिव्यांग संघटनेबरोबर एकत्र अर्ज करा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ऐकू न येणं, दिसेनासं होणं, चालता न येणं हे वयामुळे आलं असलं आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर त्या आजोबांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. ‘म्हातारपणच ते, त्याला काय दाखला’ असं म्हणून माणसं हक्काच्या सवलती सोडून देतात.

पाठपुरावा

अर्जानंतर पंधरा दिवसांनी एकदा, महिन्याने एकदा प्रत्यक्ष जा. आवाज चढवू नका, फक्त आवक क्रमांक विचारा आणि फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते लिहून घ्या. त्या टेबलावरच्या माणसाचा राग करू नका. एका कनिष्ठ अभियंत्याकडे कितीतरी गल्ल्या असतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

दोन महिने काहीच हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘काम का झालं नाही?’ असं विचारलं तर उत्तर टाळता येतं. त्याऐवजी असं मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची, पाहणी अहवालाची आणि अंदाजित खर्चाच्या पत्रकाची प्रत मिळावी. पुष्कळदा प्रत द्यायची म्हणून टिपणी तयार होते आणि काम पुढे सरकतं. उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं. याशिवाय लोकशाही दिन आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणून त्याच दिवशी सकाळी जाऊन उपयोग नाही.

घरातल्या त्रासाबद्दल

संघात सगळ्यात अवघड गोष्ट ही. बाकड्याच्या गप्पा संपल्या की एखाद्या आजी मागे थांबतात आणि हळूच सांगतात. जेवण देत नाहीत, घर नावावर करून घेतलं, औषधाला पैसे नाहीत. इथे ग्रामपंचायत किंवा पालिका काही करू शकत नाही. २००७ च्या त्याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, निर्वाह न्यायाधिकरण असतं. अर्ज आजी स्वतः करू शकतात, त्यांना शक्य नसेल तर त्यांनी सांगितलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. वकील लावावाच लागतो असं नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, अपवादात्मक कारणाने आणखी ३० दिवस. महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता ठरवता येतो. घर किंवा जमीन बक्षीसपत्राने देणाऱ्या प्रत्येकाला सांगा की ‘देणाऱ्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात लिहून घ्या. कलम २३ नुसार ही अट मोडली तर दिलेलं परत मागता येतं. लिहिलेलं नसेल तर वाद लांबतो.

तातडीने बोलायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, मारहाण होत असेल तर सरळ ११२. हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून संघाच्या दारावर लावा. आजींची संमती असल्याशिवाय मात्र त्यांच्या मुलाशी बोलायला जाऊ नका. आपण निघून येतो, त्यांना त्याच घरात रात्र काढायची असते.

काम झाल्यानंतर

नवी गोष्ट झाली की कोणाच्या ताब्यात आहे ते त्याच आठवड्यात लेखी ठरवा. विरंगुळा केंद्राची किल्ली हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. किल्ली एकाच माणसाकडे असली तर तो गावाला गेला की केंद्र बंद. दोन किल्ल्या, दोन वेगळ्या घरी, त्यातलं एक घर बाईचं. उघडायच्या वेळा बाहेर पाटीवर रंगवलेल्या. वीजबिल कोण भरणार, झाडू कोण मारणार, दिवा गेला तर कोणाला फोन करायचा, हे करारात किंवा निदान पत्रात असावं. बायकांसाठी वेगळी वेळ किंवा वेगळा कोपरा ठेवला नाही तर पत्त्यांचे डाव बसतात आणि त्या यायच्या बंद होतात. हे मी दोन केंद्रांत पाहिलं आणि दुपारी तीन ते पाच ही वेळ फक्त बायकांची ठेवल्यावर एका केंद्रात त्या परत आल्या.

दरवर्षी पावसाळ्यानंतर तीच फेरी पुन्हा काढा. त्याच वाटेने, जमलं तर त्याच माणसांबरोबर. मागच्या वर्षी बरोबर आलेल्यांपैकी कोण आता घराबाहेर पडत नाही, हे त्या दिवशी कळतं. त्यांच्या घरी जायचं, आणि त्यांना दारापर्यंत यायला काय अडतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं.